माहेर म्हणजे डावीकडे

हॉकीच्या गोलकीपरला ओरडता आलं पाहिजे आणि वेळ पडली तर शिव्याही देता आल्या पाहिजेत. मला दोन्ही येतं. सासूबाई माझी मॅच टीव्हीचा आवाज बंद करून बघतात. एकदा गोलजवळचा माईक चालू राहिला होता आणि सूनबाईंची मुक्ताफळं शेजारच्या चार घरांनी ऐकली होती.

टीममध्ये मला नावाने कुणी हाक मारत नाही. सगळ्या वहिनी म्हणतात, कप्तानसुद्धा. ही भिंगरीची करामत. भिंगरी माझी सख्खी नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. टीममध्ये आली त्याच दिवशी भर मैदानात ‘ए वहिनी, बॉल दे ना!’ म्हणून किंचाळली आणि ते मला चिकटलं ते चिकटलंच. नणंद-भावजयीचं एका घरात पटत नाही म्हणतात. आमचं घरात खरोखर पटत नाही. बाथरूमपासून चार्जरपर्यंत रोज भांडण. पण गोलात पटतं. तिथे ती माझ्या खांद्याला खांदा लावून उभी असते, आणि माझ्या आयुष्यात तेवढी निर्धास्त मी दुसऱ्या कुणाच्या शेजारी उभी राहिलेली नाही. नवऱ्याला हे सांगितलंय. त्याला राग आला नाही.

समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला की आम्ही पाचजणी गोलरेषेच्या मागे उभ्या राहतो. त्यांची एक बाजूने बॉल आत ढकलते, दुसरी तो डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकाशी अडवते आणि तिसरी गोलावर हाणते. त्या हाणणारीच्या अंगावर सरळ धावून जायचं, हे पहिल्या धावणारीचं काम. तोंडाला मास्क, गुडघ्यांना पॅड, बाकी सगळं रामभरोसे. आमच्याकडे हे काम भिंगरीचं. तिने धावत जाऊन अर्धा गोल झाकायचा, उरलेला अर्धा मी सांभाळायचा. कुठला अर्धा कुणाचा, ते मी आधी ओरडून सांगते.

आता ‘डावीकडे, उजवीकडे’ म्हणून ओरडलं तर समोरच्या बायका काही बहिऱ्या नसतात. आमची भाषा येत नसली तरी दोन मॅचचे व्हिडिओ बघितले की त्यांना कळतं. म्हणून शब्द बदलायचे ठरले, आणि ते ठेवले भिंगरीने. बसमध्ये उभं राहून तिने जाहीर केलं, “डावीकडे म्हणजे माहेर. उजवीकडे म्हणजे सासर.”

“असं का गं?” कप्तानने विचारलं.

“माहेरी जायला पाय आपोआप पळतात म्हणून. डावीकडे मी जास्त जोरात पळते.”

“तुझं लग्न तरी झालंय का? तुला काय कळतंय सासरमाहेर?”

“रोज वहिनीचं तोंड बघते ना.”

सगळी बस खिदळली. मी माझं हेल्मेट तिच्या मांडीवर आपटलं आणि म्हटलं, हे घे सासर.

तिचा दुसरा उद्योग म्हणजे परीक्षा घेणं. डोक्याला लागलं की आमच्या डॉक्टरीणबाई धावत येतात आणि प्रश्न विचारतात. हे मैदान कोणतं? आत्ता कितवा क्वार्टर? शेवटचा गोल कुणाचा? मागची मॅच कुणाशी होती, जिंकलो का? उत्तर चुकलं की बाहेर. प्रश्न ठरलेले आहेत हे आम्हाला पाठ झालंय, त्यामुळे उत्तरंही पाठ करून ठेवायची आमच्याकडे पद्धतच पडली. मूर्खपणा होता, पण आम्हाला त्यात गंमत वाटायची. मैदानात उतरताना भिंगरी एकेकीला धरून विचारायची, आणि गोल झाला की मिठ्या मारता मारता ओरडायची, “शेवटचा गोल टाचणीचा! पाठ करा गं!”

त्या दिवशी तो टाचणीचाच होता. टाचणी म्हणजे आमची सगळ्यात काटकुळी खेळाडू, पेनल्टी कॉर्नरला गोलाच्या खांबाशी उभी राहणारी. पहिल्या क्वार्टरमध्ये ती भटकत पुढे गेली आणि कुणाच्या तरी स्टिकला लागून आलेला बॉल तिने सरळ आत लोटला. एक-शून्य. सेमीफायनल होती. जिंकेल तो संघ मोठ्या स्पर्धेला जाणार, हरेल तो घरी. आमचा देश त्या मोठ्या स्पर्धेला कधी गेला नव्हता. मी आता चौतिशीची. माझ्यासाठी ही शेवटची संधी होती आणि हे मी कुणाला बोलून दाखवत नव्हते, पण भिंगरी दाखवायची. “वहिनी म्हातारी व्हायच्या आत तिला नेऊन आणू या,” असं ती सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली होती. प्रशिक्षक मॅडमही हसल्या होत्या.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये उजवीकडून एक जोरदार बॉल आत आला. मी पाय लांब करून घसरत पुढे गेले. बॉल माझ्या पॅडला लागून बाहेर गेला आणि त्याच क्षणी मागे परतणारी भिंगरी माझ्यावर येऊन पडली. माझा गुडघा आणि तिचं कानशील. आवाज मी ऐकला. हेल्मेटच्या आतही ऐकला.

डॉक्टरीणबाई आल्या. भिंगरी उठून बसली होती आणि धडाधड उत्तरं देत होती. मैदान सांगितलं, दुसरा क्वार्टर सांगितला, टाचणीचा गोल सांगितला, मागची मॅच दोन-एक जिंकलो हेही सांगितलं. एका पायावर उभी राहून दाखवलं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, थोडा वेळ बाहेर बसवलं आणि मग परत सोडलं. “काही वाटलं तर लगेच सांगायचं,” असं बजावलं. ती शहाण्या मुलीसारखी हो म्हणाली.

मध्यंतरात मी तिच्या शेजारी बसले. ती दिव्यांकडे बघायचं टाळत होती. मी विचारलं, “दुखतंय?”

“तुझा गुडघा दुखतोय का ते बघ. माझं डोकं दगडाचं आहे.”

“भिंगरे, खरं सांग.”

“वहिनी, डॉक्टरला काही बोललीस तर तुला दादाची शपथ.”

“माझ्याच नवऱ्याची शपथ मलाच घालतेस?”

“तुझ्या आधीपासून माझा भाऊ आहे तो,” ती म्हणाली आणि हसली. अशी फटाफट बोलणारी मुलगी ठीकच असणार असं मी मनाला समजावलं. मला तसं समजायचं होतं.

तिसरा क्वार्टर गेला. चौथ्यात समोरच्या बायकांनी आम्हाला अक्षरशः पिळून काढलं. अकराच्या अकरा आमच्या अर्ध्यात. मी एक पायाने काढला, एक हाताने, एक तर कशाने काढला ते मला आजही माहीत नाही. कप्तानचा आवाज बसला होता. मॅडम बाकासमोर येरझाऱ्या घालत होत्या. स्कोअरबोर्डवरचं घड्याळ मुद्दाम माझ्याकडे बघून हळू चाललंय असं वाटत होतं. एका मिनिटाच्या आत आलं आणि तेव्हाच डीमध्ये बॉल कप्तानच्या पायाला लागला. शिट्टी. अंपायरने दोन्ही हात गोलाकडे केले. पेनल्टी कॉर्नर.

घड्याळ थांबलं. मास्क चढवायला चाळीस सेकंद मिळतात.

डीच्या टोकावर त्यांची तोफ येऊन उभी राहिली. नाव आम्ही ठेवलेलं. उंच, शांत, घाम न येणारी बाई. अटीतटीच्या वेळी ती नेहमी आमच्या डावीकडे मारते, हे आम्ही इतके व्हिडिओ बघून शिकलो होतो की मला ती झोपेतही डावीकडेच मारताना दिसायची. आणि डावीकडे भिंगरी होती. साखळी सामन्यात या तोफेचे दोन फटके भिंगरीने स्टिकवर झेलले होते. हा एक अडवला की संपलं.

मी रेषेवर पाय रोवले आणि ओरडले, “माहेर!”

तिघींनी माना हलवल्या. भिंगरीने माझ्याकडे वळून बघितलं. मास्कच्या आत ती थोडी ओशाळून हसत होती, ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसलं की आपण हसतो तशी. माझ्या अगदी जवळ तोंड आणून तिने हळूच विचारलं,

“वहिनी, माहेर म्हणजे कुठली बाजू गं?”

डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नांची उत्तरं तिला पाठ होती. हा प्रश्न त्यात नव्हता. हा शब्द तिने स्वतः ठेवलेला होता, महिनाभर तो ऐकून ती डावीकडे पळत होती, आणि आता तो तिच्या डोक्यातून पुसून गेला होता. काय झालंय ते मला तेवढ्यात कळलं. माझ्या गुडघ्याने झालंय हेही कळलं.

मला फक्त ‘डावीकडे’ एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. ती धावली असती, मला त्यात शंका नव्हती. पाय शाबूत होते तिचे. ती थेट तोफेच्या स्टिकसमोर गेली असती आणि बॉल मांडीवर, छातीवर, नाहीतर पुन्हा त्याच डोक्यावर घेतला असता. मास्क आहे ना, असंही माझ्या मनात आलं. आलं, मी खोटं कशाला बोलू? एक मिनिटसुद्धा राहिलं नव्हतं. सगळा जन्म या एका मिनिटासाठी पॅड बांधले होते मी.

“वहिनी, कुठली बाजू?” तिने पुन्हा विचारलं.

मी दोन्ही हात वर केले आणि घसा फोडून ओरडले, “डॉक्टर! डॉक्टरला बोलवा!”

समोरच्या बायका भडकल्या. वेळ खातात, नाटक करतात, असं काहीसं त्यांच्या भाषेत चाललं असावं. अंपायर धावत आली. मी भिंगरीकडे बोट दाखवून माझ्या हेल्मेटवर थापा मारल्या. कप्तान माझ्यावर तुटून पडली.

“वेड लागलंय का तुला? आता बदली मिळत नाही! कॉर्नर संपेपर्यंत एक कमी खेळावं लागेल!”

“तिला माहेर कुठलं ते आठवत नाहीये.”

“मग सांग ना तिला! डावीकडे म्हण! धावेल ती!”

“धावेल,” मी म्हटलं, “म्हणूनच.”

कप्तानने माझ्याकडे असं बघितलं की ती नजर मी मेल्यावरच विसरेन. डॉक्टरीणबाई आल्या. भिंगरी आधी गोंधळली, मग तिला उमगलं की बाहेर कोण काढतंय. “मला काही झालेलं नाही! चौथा क्वार्टर! टाचणीचा गोल! विचारा ना, विचारा!” ती उत्तरं ओरडत होती आणि डॉक्टरीणबाईंनी तर अजून काही विचारलंही नव्हतं. त्यांनी तिला धरून नेलं. जाता जाता ती मागे वळून किंचाळली, “वहिनी, तू माझी वैरीण आहेस!”

गोलजवळचा माईक चालू असणार. घरी सासूबाईंनी आवाज बंद ठेवला असेल तर बरं, एवढंच माझ्या मनात आलं.

पहिली धावायला टाचणी उभी राहिली. बिचारी कधी धावली नव्हती. तिच्या खांबाशी मधल्या फळीतली एक आली. मी पुन्हा ओरडले, “माहेर!” बॉल आत आला, थांबला, तोफ वाकली. टाचणी जीव तोडून धावली, पण एक पाऊल बाहेरच्या बाजूने. बॉल तिच्या स्टिक आणि माझ्या हाताच्या मधून गेला. गोलाच्या मागच्या लाकडी फळीवर धाडकन आवाज झाला. डावीकडे. जिथे भिंगरी असायची तिथून.

एक-एक. मग शूटआउट. त्यात गोलकीपर एकटी आणि समोर एकटी, आठ सेकंद. मी दोन अडवले. आमच्या तिघी हुकल्या. पहिला फटका भिंगरीचा असायचा, तो कप्तानने घेतला आणि खांबाला मारला. संपलं.

कपडे बदलायच्या खोलीत टाचणी भिंतीला टेकून रडत होती आणि प्रत्येकीला सॉरी म्हणत होती. मॅडम माझ्यासमोर येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, मी आत्ता बोलत नाही. बोलले तर चुकीचं बोलेन.” मी मान हलवली. माझे पॅडही मला सोडवत नव्हते. शेवटी कप्तान खाली बसली आणि तिने माझे पट्टे सोडले, माझ्याकडे न बघता.

हॉस्पिटलमध्ये भिंगरीच्या डोक्याचा स्कॅन झाला. रक्तस्राव नाही म्हणाले. मेंदूला हादरा बसलाय, काही तास गोष्टी लक्षात राहणार नाहीत, कुणीतरी जवळ बसा. मी वाट बघत होते की डॉक्टर म्हणतील, बाई, तुम्ही योग्य केलंत, नाहीतर भलतंच झालं असतं. असं काही ते म्हणाले नाहीत. कागदावर सही करून पुढच्या खोलीत गेले.

संध्याकाळचं ऊन पलंगावर पडलं होतं. मी पडदा ओढला. भिंगरीने डोळे उघडले.

“वहिनी, कॉर्नरचं काय झालं? मी अडवला ना?”

मी खरं सांगितलं. मी तुला बाहेर काढलं, गोल झाला, शूटआउटमध्ये हरलो. ती ढसाढसा रडली. वैरीण म्हणाली, घरभेदी म्हणाली, दादाला सांगून तुला घराबाहेर काढते म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून पडली. खाल्ली मी ती बोलणी. माझ्या वाट्याची होती.

थोड्या वेळाने ती वळली. चेहरा अगदी कोरा.

“वहिनी, कॉर्नर अडवला का गं मी?”

पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच रडणं, पहिल्यांदाच कळल्यासारखं, तितकंच जिवाच्या आकांताने. पुन्हा वैरीण. पुन्हा भिंत. आणि पुन्हा वळली, आणि पुन्हा तिने माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघून विचारलं की मला ते सहन होईना. एकदा हरणं पचवता येतं हो. तिला मी ते सारखं सारखं हरायला लावत होते.

“अडवलास,” मी म्हटलं.

“खरंच? मग आपण जाणार?”

“जाणार.”

तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. माझा हात धरून म्हणाली, “बघ, म्हातारी व्हायच्या आत नेते की नाही तुला.” मी हसले. हसताना नाकातून पाणी आलं. थोड्या वेळाने तेही ती विसरली. तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि या खेपेला माझ्या तोंडून ना खरं निघालं ना खोटं. मी म्हटलं, “आधी पाणी पी.”

बाहेर अंधार पडत आला. नर्सने येऊन नाडी बघितली आणि गेली. भिंगरी बराच वेळ छताकडे बघत पडली होती. मग हळूच बोलली. प्रश्न नव्हता तो.

“माहेर म्हणजे डावीकडे.”

मी खुर्चीच्या टोकावर आले. “हो.”

“मीच ठेवलं होतं ते. बसमध्ये. तू मला हेल्मेट मारलंस.”

“हो.”

ती कपाळाला आठ्या घालून शोधत राहिली. “मी तुला विचारलं, कुठली बाजू म्हणून. आणि तू डॉक्टरला बोलावलंस. शपथ घातली होती मी.”

“घातली होती.”

“हरलो?”

“हरलो, भिंगरे.”

यावेळी ती ओरडली नाही. नुसते ओठ घट्ट मिटले आणि डोळ्यांच्या कडांनी पाणी उशीवर गळत राहिलं. “माझ्याशी बोलू नकोस,” म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

मी बसले. आता वळेल आणि विचारेल. आता विचारेल. मी तिच्या पाठीकडे बघत होते, हातातला ग्लास घट्ट धरून. नर्स परत येऊन गेली. बाहेरच्या कॉरिडॉरमधली जेवणाची गाडी खडखडत गेली. भिंगरी वळली नाही. झोपलीही नव्हती, तिची बोटं चादरीची कड चुरगाळत होती. शेवटी माझ्याने राहवेना. मी अगदी हळू आवाजात विचारलं,

“पाणी देऊ?”

“बोलू नकोस म्हणून सांगितलं ना तुला!” ती भिंतीलाच म्हणाली. “एकदा सांगितलेलं कळत नाही?”

मी ग्लास ठेवला आणि बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. दिवसभर त्याचे इतके फोन येऊन गेले होते. त्याने पहिल्या घंटेलाच उचलला. “कशी आहे ती? काही बोलतेय का?”

“बोलत नाहीये,” मी म्हटलं. “माझ्यावर रागावलीये. मघापासून रागावलीये आणि ते तिच्या लक्षात आहे, अहो, लक्षात आहे तिच्या!” आणि मग त्या कॉरिडॉरमध्ये, ये-जा करणाऱ्या सगळ्यांच्या देखत, भिंतीला धरून मी खाली बसले आणि मोठ्याने रडले.